ओताऱ्याचं सोनं आणि साठ पिशव्या

दर उन्हाळ्यात माणसं कुदळी घेऊन डोंगरावर निघायची आणि जाताना मुद्दाम आत्याच्या दारावरून जायची. दुसरा रस्ता नव्हता असं नाही, चांगला डांबरी होता. पण ओताऱ्याचं सोनं शोधायला निघायचं आणि ओताऱ्याच्या घराकडे एक नजर टाकायची नाही, हे त्यांना जमायचंच नाही. बहुतेक जण नुसते बघून पुढे जात. एखादा धीट आत डोकावायचा. "आत्या, आता या वयात काय लपवायचं? वर बरोबर घेऊन जाणार आहात का?"

आत्या काज करता करता मान वर न करता म्हणायची, "जाणार आहे ना. तूही येतोस का सोबतीला?"

मग तो गडी गुपचूप चालू लागायचा.

सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. खरं तर ती एकाच मुलीची आत्या, धाकट्या भावाच्या. पण ती भाची लहानपणी "आत्या, आत्या" करत गल्लीभर ओरडत फिरायची, तेव्हापासून सगळ्यांनी ते नाव उचललं. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. आता घरात दोघीच. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनं, भाचीचं विजेवर चालणारं आणि आत्याचं पायाचं. ताडपत्र्या, गाद्यांच्या खोळी, ट्रकच्या सीटची कव्हरं, दप्तरं, जाड कापडाचं म्हणाल ते इथं शिवून मिळायचं. आत्या चौऱ्याहत्तरची होती. डोळे जरा मंदावले होते, जीभ नव्हती.

आता हे ओताऱ्याचं सोनं काय प्रकरण आहे ते एकदाचं सांगून टाकू. गावाच्या वरच्या अंगाला पूर्वी सोन्याची खाण होती आणि आत्याचे वडील, आबा, तिथल्या भट्टीवर ओतारी होते. खाणीतला दगड कुटून, धुऊन, गाळून शेवटी त्याची काळी भुकटी उरायची. ती मुशीत घालून वितळवायची आणि सोन्याच्या लगडी ओतायच्या, हे आबांचं काम. जुनी पद्धत अशी की भुकटी आधी ओली करायची, हातानं घट्ट दाबायची, मग मुशीत टाकायची. पुढे नवा मॅनेजर आला, कागदावरचा हुशार. ओल्या भुकटीला वेळ जास्त लागतो, कोळसा जास्त जळतो, म्हणून त्यानं हुकूम काढला की कोरडीच टाका. आबा म्हणाले, "साहेब, कोरडी टाकली तर धूर खातो." साहेब हसला. चार वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा अकरा किलो सोनं कमी भरलं, आणि तेव्हा साहेबाला हसू आलं नाही. "कुठे गेलं?" म्हणून विचारलं, तर आबा म्हणाले, "सांगितलं होतं की. धुरानं खाल्लं."

झालं. गावाला आयती म्हण मिळाली. कुणाची चप्पल हरवली, धुरानं खाल्ली. डब्यातली साखर कमी झाली, धुरानं खाल्ली. आबा दर सुट्टीला पिशवी घेऊन एकटेच डोंगरावर जायचे, हे कळल्यावर तर प्रश्नच मिटला. सोनं डोंगरात पुरलंय. घराची जमीन उकरली, परसातला हौद फोडला, मिळालं काहीच नाही. खटला उभा राहिला नाही पण नोकरी गेली, आणि सोन्याला हात लावायचं काम त्यांना पुन्हा कुणी दिलं नाही. पुढची आठ वर्षं आबा कोपऱ्यावर बसून लोकांच्या गळक्या बादल्यांना डाग देत राहिले आणि मग छातीच्या दुखण्यानं गेले. खाण बंद पडली. सोनं मात्र दरवर्षी वाढत गेलं. अकराचे वीस किलो झाले, विसाचे चाळीस. गल्लीच्या टोकाला कुलपं दुरुस्त करणारा एक जण होता, त्याला गाव कुदळ्या म्हणायचं. बावीस वर्षं तो डोंगर खणत होता. डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे, या बहाद्दराला उंदीरसुद्धा सापडला नव्हता.

आत्याच्या घरात सोन्याचं नाव काढायला बंदी होती. डोंगराचंही. लोकांना वाटायचं, बापाचा अपमान तिला सोसत नाही. भावाला तसंच वाटायचं, भाचीलाही. खरं काय ते फक्त आत्याला माहीत होतं.

ती अकरा वर्षांची असताना मॅनेजर साहेब तिला नळावर भेटला होता. चक्क उकिडवा बसला, तिच्या उंचीला आला. "बाळ, बाबा सुट्टीला कुठे जातात गं?"

"डोंगरावर."

"मोकळ्या हातानं?"

"पिशवी असते."

"जड असते का?"

तिनं त्या पिशवीला कधी हात लावला नव्हता. पण शाळेत बाईंना कोणतं उत्तर हवंय ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, तसं ते साहेबाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शिवाय त्याच्या हातात एक लाल-निळी पेन्सिल होती, दोन्हीकडून टोक केलेली. "हो," ती म्हणाली, "खूप जड असते." पेन्सिल मिळाली. तिसऱ्या दिवशी माणसं पहारी घेऊन घरात शिरली.

हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, भावाला नाही, आबांना तर नाहीच नाही. आबा पिशवी भरायला लागले की ती उठून बाहेर जायची. पुढे लग्नाचं निघालं तेव्हा तिनं नको म्हणून टाकलं आणि आबांच्या औषधपाण्याला लागली, लोक म्हणाले काय गुणाची पोर. आणि त्रेसष्ट वर्षं ती मनात एकच हिशेब घोकत आली. आबा खरंच चोर असतील, तर आपण एका चोराबद्दल चार शब्द बोललो, एवढंच. पण आबा चोर नसतील, तर एका निर्दोष माणसाला त्याच्या लेकीनं एका पेन्सिलीपायी बुडवलं. लोक बापासाठी काय काय मागत असतील. आत्या मागायची, माझा बाप चोरच असू दे.

त्या वर्षी नगरपालिकेनं जुनी भट्टी पाडायचं ठरवलं. गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. विटांचा लिलाव झाला, तेव्हा कुठून तरी लांबून एक झारेकरी आला. झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानातला केर विकत घेणारा, तो जाळून, धुऊन, त्यातून सोन्याचा कण न कण काढणारा माणूस. हडकुळा, पन्नाशीचा, बरोबर त्याच्यासारखीच हडकुळी बायको. चांगल्या विटांकडे त्यानं ढुंकून बघितलं नाही. भट्टीच्या आतल्या, धुराड्याच्या आतल्या काळ्याकुट्ट विटा आणि खालची फरशी घेतली. गाव पोट धरधरून हसलं. काजळी विकत घेणारा शहाणा कुणी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. "साठ पिशव्या हव्यात. घट्ट विणीचं जाड कापड, शिवण दुहेरी, आत उलटून घेतलेली. बारीक पीठ भरलं तरी कण बाहेर येता कामा नये."

"भरणार काय त्यात?" भाचीनं विचारलं.

"काजळी."

भाची हसणार होती, पण तो पुढे बोलत राहिला. "नख घातलं की वीट बोलते, ताई. इथे कोरडी भुकटी टाकत होते मुशीत. जाळ लागला की ती उडायची आणि धुराड्याला जाऊन चिकटायची. कुठल्या दीडशहाण्यानं सांगितलं होतं कुणास ठाऊक."

भाचीच्या हातातली कात्री तशीच राहिली. आत्याची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली.

"आमचे आजोबा ओतारी होते तिथे," भाची म्हणाली, आणि मग बांध फुटल्यासारखं तिनं सगळं सांगितलं, अकरा किलो, डोंगर, बादल्या. झारेकरी ऐकत राहिला. शेवटी ती म्हणाली, "शिलाईचा एक पैसा नको मला. फक्त किती निघतं ते खरं सांगायचं. आणि मला एकटीला नाही, चारचौघांत, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून."

झारेकरी चुळबुळला. त्यांच्या धंद्यात वजन कुणी सांगत नसतं. पण साठ पिशव्यांची दुहेरी शिलाई म्हणजे थोडी नव्हती. "निघायच्या दिवशी सांगेन," तो म्हणाला.

तो गेल्यावर आत्या करवादली. "फुकट शिवायला आपण काय धर्मशाळा काढलीये?"

"आत्या, त्रेसष्ट वर्षं वाट बघतेयस ना तू? मग?" भाचीचे डोळे भरून आले होते. "निघालं अकरा किलो तर बघ मग, या गावाची तोंडं कशी होतात ती."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आत्यानं चष्मा पुसला आणि कापड मोजायला घेतलं.

पाच दिवस दोघी पिशव्या शिवत होत्या. भाची गाणं गुणगुणत होती. पाचव्या दिवशी दुपारी दोरा संपला म्हणून भाची बाजारात गेली. आत्या एकटी राहिली आणि तिच्या मनात आलं ते आलंच. मशिनच्या बाजूचा टाक्याचा स्क्रू तिनं ढिला केला. बारीक टाका मोठा झाला, चांगला तांदळाच्या दाण्याएवढा. अशा शिवणीतून काजळी वाहताना, उचलताना, आपटताना झिरपत राहील, मातीत जाईल, वाऱ्यावर जाईल. किलो-दोन किलोच भरलं की झारेकरी म्हणेल, एवढंच होतं बाई. आबा चोर होते तसे चोर राहतील आणि आपण सुटू. तिनं एक पिशवी शिवली, दुसरी शिवली. भराभर नऊ झाल्या. पाय थांबत नव्हते.

दहावी घ्यायची म्हणून तिनं नववी बाजूला ठेवली आणि सवयीनं अंगठा शिवणीवरून फिरवला.

हात चटका बसल्यासारखा मागे आला. असल्या टाक्यासाठी तिनं भाचीच्या हातावर फूटपट्टी मारली होती, तीही दोनदा. असल्या टाक्यासाठी एका ट्रकवाल्याला तिनं त्याचं दुसरीकडून शिवून आणलेलं कव्हर तोंडावर फेकून परत दिलं होतं. आणि आता तिच्याच दुकानातून, तिच्याच पायानं शिवलेल्या अशा नऊ पिशव्या जाणार? एखाद्या बाईनं विचारलं, ही शिवण कुणाची हो, तर काय सांगायचं?

"मेलं हे नशीब," आत्या स्वतःशीच म्हणाली. तिला रडू आलं ते बापाच्या मायेचं नव्हतं, स्वतःवरच्या रागाचं होतं. एक वाकडं काम मनापासून करायला घ्यावं तर तेही हातून होत नाही. तिनं ब्लेड घेतलं आणि नऊच्या नऊ पिशव्या उसवल्या. भाची परत आली तेव्हा आत्या स्क्रू घट्ट आवळून, ओठ आवळून, बारीक टाक्यानं पहिली पिशवी पुन्हा शिवत होती.

"अजून एवढ्यावरच?" भाची म्हणाली.

"घाई असेल तर तू शिव."

पिशव्या गेल्या. मग तीन आठवडे झारेकरी आणि त्याची बायको भट्टीच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या आडोशाला विटा खरवडत होती, कुटत होती, चाळत होती, मोठ्या लाकडी पाट्यांत पाण्यानं घोळत होती. भाची रोज एक चक्कर मारून यायची. "काही बोलत नाहीत गं," सांगायची. आत्या म्हणायची, "मग बरंच आहे."

निघायच्या दिवशी सकाळी झारेकरी दिलेल्या शब्दाप्रमाणे टपरीवर आला. भाचीनं आत्याला हाताला धरून नेलं होतं. नेलं कसलं, ओढलं होतं. टपरीवर नेहमीची दहा-बारा माणसं होती, कुदळ्या होता, नगरपालिकेचा कारकून होता. झारेकऱ्यानं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि भाव सांगावा तसं सांगितलं, "सात किलो सहाशे ग्रॅम. भट्टीतून, धुराड्यातून आणि फरशीखालून मिळून."

चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

"पण अकरा होतं ना?" कुदळ्यानं विचारलं. "मग बाकीचं?"

"एवढं आत चिकटलं म्हणजे बाकीचं वरून गेलं. धुराड्याला झाकण नसतं, भाऊ. वारा कुठून कुठे वाहतो इथे?"

"डोंगराकडे."

"मग डोंगरावर पडलं असेल. चिमूट चिमूट, सगळीकडे. ते काही आता गोळा होत नाही." तो आत्याकडे वळला. "तुमच्या वडिलांनी सांगितलं होतं ते बरोबर होतं, बाई. तेव्हा कुणी आमच्यातल्याला बोलावलं असतं तर दोन दिवसांत निकाल लागला असता."

मग गावाला कंठ फुटला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, कुणीतरी म्हणालं. कारकुनानं आत्याला नमस्कार केला. दुपारपर्यंत घरी रीघ लागली. निवृत्त मुख्याध्यापिका आल्या आणि म्हणाल्या, "मी वर्गात पोरांना ती म्हण म्हणू द्यायची, आत्या, मला माफ करा." भाची रडत होती, हसत होती, येईल त्याला चहा देत होती. आत्या खुर्चीत ताठ बसली होती. लोकांना वाटलं, आनंदानं वाचा बसली.

ती वाचा दोन दिवस बसली. आत्या जेवेना, मशिनवर बसेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिच्या डोळ्यांपुढे सारखे आबा येत होते, कोपऱ्यावर बसलेले, दुसऱ्याच्या बादलीत तोंड घालून खोकत डाग देणारे. तिसऱ्या दिवशी दुपारी भाची दुकान बंद करून तिच्या पलंगावर येऊन बसली.

"डॉक्टरला बोलावू का?"

"नको."

"मग काय होतंय ते सांग. गावानं माफी मागितली, आबा सुटले, आणि तू अशी पडलीस जणू कुणी गेलंय."

आत्या भिंतीकडे बघतच म्हणाली, "मी घालवलं त्यांना." आणि मग तिनं सांगितलं. नळ, साहेब, पेन्सिल. जड असते का, हो, खूप जड. सांगताना आवाज अकरा वर्षांच्या पोरीसारखा बारीक झाला. "मी कधी हातसुद्धा लावला नव्हता गं त्या पिशवीला. उगीच म्हटलं. त्याला हवं होतं म्हणून म्हटलं. त्या एका शब्दावर घर खणलं त्यांनी. आणि मी जन्मभर मनात म्हणत राहिले, आबा चोर निघू देत. स्वतःच्या बापाबद्दल. असली मी."

आत्याला वाटलं, आता ही उठून जाईल.

"पिशवी जडच असायची, आत्या," भाची म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"बाबांनी उचललीये ती. नोकरी गेल्यावर आबा बाबांना घेऊन जायचे ना वर. दोन जाड पांघरुणं, पाण्याचा कॅन, लोखंडी किटली आणि वाफ घ्यायला पातेलं. घरी आडवं झालं की आबांना खोकल्यानं झोप यायची नाही, वरच्या हवेत यायची. तिथे वाफ घ्यायची आणि दुपारभर झोपायचं, एवढंच करायचे ते. बाबा सांगायचे, पिशवीच्या बंदांनी हाताला वळ उठायचे."

आत्या वळली. तिनं विचारलं, "तू हे आजवर बोलली का नाहीस?"

"कारण बोलायचं नाही असं ठरलं होतं." भाचीनं तिचा हात धरला. "आबांना माहीत होतं, आत्या. पहिल्या दिवसापासून. साहेबानंच तोंडावर सांगितलं होतं त्यांना, तुझी मुलगीच म्हणाली पिशवी जड असते. आणि आबा म्हणाले, माझी मुलगी म्हणाली ना, मग खरंच आहे. जडच असते."

"असं म्हणाले?"

"तसंच. वर झाडाखाली त्यांनी बाबांना सांगितलं. आणि बजावलं, ताईला कळू देऊ नकोस मला माहीत आहे म्हणून. लहान आहे, विसरून जाईल. बाबांनी मला सांगितलं आणि तेच बजावलं. आम्हाला वाटलं, तू विसरलीस. घरात सोन्याचं नाव काढू देत नाहीस ते आबांच्या अपमानामुळे, असंच वाटायचं सगळ्यांना."

आत्या उठून बसली. "विसरून जाईल म्हणाले?"

"हो."

"काय माणूस," आत्या म्हणाली, आणि रडायला लागली. हे रडणं मात्र साधं होतं, लहान पोराला आई सापडल्यावर येतं तसं. भाचीच्या खांद्यावर डोकं ठेवून ती पोटभर रडली. मग मध्येच तिला हसू फुटलं आणि हसता हसता खोकला लागला. मग राग आला. "आणि तुझा बाप. माझा सख्खा भाऊ. पन्नास वर्षं माझ्या हातचं जेवला आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. असता तर कान पिळला असता त्याचा."

"आबांना शब्द दिला होता त्यांनी."

"शब्द दिला होता म्हणे. सगळे मेले शब्दाचे पक्के माझ्याच घरात जन्मले." तिनं पदरानं नाक पुसलं. छातीवरचा दगड कुणी उचलून नेला असावा तसं तिला मोकळं वाटत होतं. इतकं मोकळं की जरा भीतीच वाटली. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला सपाटून भूक लागलीये. भाचीनं जे होतं ते ताटात वाढलं आणि आत्यानं ते सगळं खाल्लं, वर आणखी मागून घेतलं.

हात धुताना ती म्हणाली, "ती जागा तुला माहीत आहे? आबा झोपायचे ती?"

"बाबांनी दाखवली होती."

"मला ने."

"आत्या, तुझे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत, दुखले तर मला दुखतील. तू ने."

रविवारी त्या दोघी दुधाच्या गाडीतून डोंगराच्या पायथ्याशी उतरल्या. आत्यानं आयुष्यात या डोंगरावर पाऊल टाकलं नव्हतं. दर पन्नास पावलांवर ती थांबायची, काठीवर रेलून श्वास घ्यायची, आणि भाचीनं चेहऱ्याकडे बघितलं की म्हणायची, "काय बघतेस? चल." वाटेत सगळीकडे जुन्या-नव्या खड्ड्यांची रांग होती. एका खड्ड्यापाशी कुदळ्या भेटला. त्यानं कुदळ टाकून आता चाळणी आणली होती आणि वरची माती चाळत होता. चिमूट चिमूट का होईना, तीन किलो चारशे ग्रॅम डोंगरावर आहेच, हे त्यानं पक्कं धरून ठेवलं होतं.

"आत्या, तुम्ही वर?" तो गोंधळून उभा राहिला.

"हवा खायला आलेय," आत्या म्हणाली.

थोडं वर वळणाच्या पलीकडे तीन मोठी झाडं होती आणि त्यांच्या मधोमध सपाट जागा. खाली गाव दिसत होतं, छपरं, टपरी, आणि जिथं धुराडं होतं तिथला मोकळा चौकोन. भाचीनं बोट दाखवलं. "हीच. डोकं या मुळावर ठेवायचे."

आत्यानं चप्पल काढली, पदर खोचला, हळूच खाली बसली आणि मग आडवी झाली. मुळावर डोकं टेकवून तिनं वर पानांकडे बघितलं. वारा खरंच चांगला होता. छातीभर आत गेला आणि अडला नाही कुठे.

"आबा," ती एवढंच म्हणाली.

भाचीला वाटलं आता ती रडेल. पण थोड्याच वेळात आत्याचा श्वास संथ झाला, तोंड किंचित उघडं पडलं आणि ती घोरायला लागली. खाली कुदळ्याची चाळणी खडखडत होती. भाची उठली, वळणापर्यंत गेली आणि दबक्या आवाजात त्याला म्हणाली, "जरा वेळ थांबा हो. आत्या झोपलीये."

त्यानं चाळणी खाली ठेवली. ऊन कलेपर्यंत तिला कुणीही उठवलं नाही.